गुडघ्याएवढी खिडकी

कफ्र मरजान, १४ ऑक्टोबर १९९४

बदवीभाई,

सलाम. आम्ही सगळे मजेत आहोत, फक्त तुझी उणीव आहे, असं वर लिहायची रीत आहे. अम्मा मजेत आहे. तिची बदकंही मजेत आहेत. मी नाही.

काल अम्मा आणि मी गिरणीवाल्या हाज मुतवल्लीकडे गेलो होतो, त्याच्या नजातला मागणी घालायला. तू दचकू नकोस. मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला कोणापायी सोडलं हे इथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. म्हातारा गोड बोलला. चहा दिला, वर दुसरा दिला. मग दारातून आपल्या गच्चीकडे बोट करून म्हणाला, "माझी पोरगी झोपणार कुठे? त्या सळ्यांवर?"

बाबांनी तळमजला बांधला तेव्हा खांबांच्या सळ्या गच्चीवर उभ्या ठेवल्या. पहिला मजला बदवीचा, त्याच्या डोक्यावर शौकीचा. गावातली सगळीच घरं अशी डोक्यावर काटे घेऊन उभी आहेत, पण इतरांच्या घरातला थोरला कधीतरी लग्न करतो, मजला चढतो, मग धाकट्याची पाळी येते. आमचा थोरला परदेशात, अम्मानला बसून पाव भाजतो. हवेत बांधता आलं असतं तर मी माझा मजला कालच बांधला असता.

मी अम्माला म्हटलं, पहिला मजला मी घेतो, भाई आला की वरचा त्याचा. तिनं चप्पल काढली. म्हणाली, "थोरल्याच्या जागेत धाकटा शिरला की गाव समजतं थोरला मेला. माझा मुलगा जिवंत आहे."

हाज मुतवल्लीनं बकरी ईदपर्यंत मुदत दिली आहे. तोवर माझ्या स्वतःच्या छताखाली मी उभा दिसलो तर नजात माझी. नाही तर, तो म्हणाला, "मग मला नावं ठेवू नकोस."

तेव्हा लवकर ये, लग्न कर, मजला बांध. नाही तर मला तुझा मजला बांधायची परवानगी दे, म्हणजे त्यावर माझा चढवता येईल. अम्मानं तुझ्यासाठी शाळामास्तरांची मुलगी पाहून ठेवली आहे. मुलगी चांगली आहे. हो म्हण आणि मला मोकळा कर.

शौकी

*

अम्मान, ३ नोव्हेंबर १९९४

शौकी, लेका,

तुझं पत्र भट्टीपाशी उभ्यानं वाचलं. पावाची एक फळी करपली, मालकाची बोलणी खाल्ली. नजातबद्दल ऐकून फार बरं वाटलं. ती लहान असताना आपल्या बदकांना दगड मारायची, ती हीच ना?

माझा मजला बांधायला घे. बेकरीतला सालेम गावी येतोय, त्याच्या हाती जमतं तेवढं पाठवलंय, पुढेही पाठवत राहीन. मला इतक्यात रजा मिळत नाही. पण बांधतोच आहेस तर नुसते खांब नकोत, नीट घर होऊ दे. स्वयंपाकघर मोठं ठेव, उजेडाचं, म्हणजे दिवसा शिवणटिपण करायचं झालं तर दिवा लागू नये. आणि रस्त्याकडच्या खोलीची खिडकी खाली घे. पार खाली, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर सुरू होऊ दे. गज मात्र जवळजवळ बसव, मूठसुद्धा जाऊ नये असे.

मास्तरांच्या मुलीचं म्हणशील तर ती फार शिकलेली आहे. माझ्या पत्रातल्या चुका काढत बसेल. अम्माला नीट समजावून सांग.

बदवी

*

कफ्र मरजान, १८ डिसेंबर १९९४

बदवीभाई,

सलाम. परवा तुझ्या डोक्यावर स्लॅब पडला, मुबारक. अर्धं गाव आलं होतं. पहाट फुटल्यापासून घमेली हातोहात वर चालली होती, मिक्सर असा खडखडत होता की बदकं दोन दिवस लपून बसली. अम्मानं रोटी-भात-मटणाची परात भरली. हनफी गवंड्यानं घराला नजर लागू नये म्हणून मेंढ्याच्या रक्तात हात बुडवून खांबावर पंजा उठवला आणि मला म्हणाला, "या, अर्धे इंजिनीअर, तुमचाही उठवा." मी अर्धाच शिकलो म्हणून हा माणूस रोज मला याच नावानं हाक मारतो. मी त्याला तिथेच घमेल्यानं हाणणार होतो, पण ओला स्लॅब सोडून तो गेला असता.

तुझं पत्र अम्माला वाचून दाखवलं. खिडकीचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. हल्ली तिला कमी ऐकू येतं बहुतेक. नंतर गजांचंही पुन्हा वाच म्हणाली. हनफी मात्र पोट धरून हसला. "गुडघ्याएवढी? तुझा भाऊ बायको आणणार आहे की बदक?" मलाही हाच प्रश्न पडला होता. आणि शिवणटिपण तू कधीपासून करायला लागलास?

आता ऐक. स्लॅब झाला, म्हणजे उद्यापासून माझे खांब सुरू, असं मी धरून चाललो होतो. अम्मा जिन्यात आडवी उभी राहिली. थोरल्याचं घर उघडंनागडं आणि धाकटा त्याच्या वर छपराखाली, हे चालायचं नाही. आधी तुझ्या भिंती. मी ओरडलो, ती ओरडली, शेजारी आले, ते तिच्या बाजूनं ओरडले. तेव्हा आधी तुझ्या भिंती.

मागच्या पानावर माझ्या मजल्याच्या नकाशाची नक्कल काढलीय. पाहा. बैठकीची खिडकी गिरणीच्या बाजूला ठेवलीय. मूळ नकाशा नजातनं पाहिला. गिरणीत ती पोत्यांवर खडूनं नावं घालत बसते, भुवयांवर पीठ असतं. म्हणाली, "तुझ्या घराला पाय आहेत, डोकं नाही. तुझ्यासारखंच आहे." मग खडूनंच माझ्या नकाशात एक कपाट वाढवलं. ते पुसलं जाऊ नये म्हणून मी कागद घरापर्यंत तळहातावर आडवा धरून आणला. आता कळलं असेल मला किती घाई आहे.

अम्मा विचारते, तेलवाल्यांची सामिया कशी वाटते? दिसायला उंच आहे, हसरी आहे.

शौकी

*

अम्मान, ६ जानेवारी १९९५

शौकी,

स्लॅब झाला हे वाचून मी बेकरीत सगळ्यांना चहा पाजला. नकाशा छान आहे. कपाटाची जागा नजातनं बरोबर निवडली आहे, तुला तर कपाट सुचलंच नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. मोठ्या खोलीला लागून जी छोटी खोली आहे, तिचं दार बाहेर नको, मोठ्या खोलीतच उघडू दे. दोन्हींमध्ये दारच नसलं तरी चालेल, नुसती कमान ठेव. हाक मारली की ऐकू यायला हवं. आणि न्हाणीघर जिन्यापाशी आहे ते आत घे. हिवाळ्यात गार वारा लागतो. इथे सध्या फार थंडी आहे, सगळ्यांना खोकला झालाय.

भिंती झाल्या असतील तर थोडं तोडावं लागेल. माफ कर.

सामिया नको. फार उंच आहे, दारात डोकं आपटेल.

बदवी

*

कफ्र मरजान, २९ जानेवारी १९९५

बदवी,

सलाम लिहायचं राहिलं नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

भिंती झाल्या होत्या. तुझं पत्र आलं त्या दिवशी हनफी न्हाणीघराला प्लॅस्टर चढवत होता. मी त्याला पत्र वाचून दाखवलं. त्यानं थापी धुतली, पिशवीत टाकली आणि म्हणाला, "भाऊ अम्मानला, डोकं त्याचं कैरोला, आणि मी इथे तोडफोड करू? अर्धे इंजिनीअर, तुम्हीच तोडा." आणि तो नदीपलीकडच्या कामावर निघून गेला. मग मीच तोडल्या. माझ्या हातानं, तुझ्या खोल्या. हाताला फोड आलेत म्हणून अक्षर असं आहे.

हाक कोणाला मारणार आहेस तू? एकटा माणूस. अम्मानं आजवर सांगितलेली प्रत्येक मुलगी तुला शिकलेली वाटते, उंच वाटते, मागच्या वर्षीची तर फार जेवते म्हणालास. तुला लग्न करायचंच नाही हे गावाला दिसतंय, फक्त अम्माला दिसत नाही. ती परवा चौथी मुलगी काढून बसली. मग तू मजला अडवतोस कशाला? एक ओळ लिही, "मला लग्न करायचं नाही, पहिला मजला शौकीला दिला." ती मी अम्माच्या तोंडावर फडकवीन.

तांता शहरातला एक औषधवाला हाज मुतवल्लीकडे येऊन गेला. त्याच्याकडे तयार घर आहे, गॅलरीसकट. नजातला मी विचारलं, तू काय म्हणालीस. "त्याला म्हटलं, आमच्याकडे एक वेडा घर बांधतोय, त्याचं होईपर्यंत थांबा." असं म्हणून हसली. मला हसू आलं नाही. ती थांबेल, बाप थांबणार नाही. रमजान तोंडावर आहे, त्या महिन्यात गवंडी किती काम करतात तुला माहीत आहे. मग राहतात दोनच महिने. माझे खांब अजून हवेत आहेत.

एक ओळ. एवढीच मागतो.

शौकी

*

कफ्र मरजान, १० मार्च १९९५

बदवीभाई,

रमजान गेला, ईद झाली, तुझं पत्र नाही. ईदेच्या सलामाची चार अक्षरंही नाहीत. अम्मा रोज पोस्टमनला बिस्किटं देते. त्याचं वजन वाढलंय, बाकी काही मिळालेलं नाही.

तुझं घर पूर्ण झालं. हनफीला हातापाया पडून परत आणलं. कमान आहे, न्हाणीघर आत घेतलंय, खिडकी तुझ्या म्हणण्याप्रमाणे. बस थांबते तिथून पाहिलं तर घराचा पायजमा खाली घसरल्यासारखा दिसतो. लोक मला विचारतात, मी सांगतो भावाला विचारा.

हाज मुतवल्ली वर येऊन पाहून गेला. त्यानं छतावर काठी आपटली. म्हणाला, "मजबूत आहे. पण हे तुझ्या भावाचं छत. तुझं कुठाय?" हनफी म्हणतो बकरी ईदेच्या आत दुसरा स्लॅब होणार नाही. मी कितीही बोंबललो तरी सिमेंट आपल्याच वेळेनं सुकतं म्हणतो.

रागावलास का माझ्यावर? रागावला असलास तर तसं लिही. न लिहिण्यापेक्षा बरं.

शौकी

*

अम्मान, २७ मार्च १९९५

शौकी,

हे पत्र एकट्यानं वाच. अम्मासमोर उघडू नकोस.

तू मागितलेली ओळ आधी लिहितो: पहिला मजला तुझा. त्याच्या पुढचं मात्र तुला वाटतं तसं नाही. माझं लग्न झालं आहे. होऊन चार वर्षं झाली.

तिचं नाव रिहाब. पहिला नवरा वारला होता. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे. बेकरीच्या वर राहून शिवणकाम करायची, पाव घ्यायला यायची. तेव्हा बाबा आजारी होते, म्हणून कळवलं नाही. मग ते गेले. त्या दिवसांत कसं कळवणार? मग अम्माच्या प्रत्येक पत्रात एकेक नवरी यायला लागली, आणि दर पत्रागणिक माझं खोटं वाढत गेलं. मला वाटलं, घर उभं राहू दे, मग त्यात आणायची माणसं सांगीन.

आम्हाला मुलगी आहे. येत्या उन्हाळ्यात तीन वर्षांची होईल. इथली आमची खोली उतारावर आहे, अर्धी जमिनीत गेलेली. खिडकी छताला टेकलेली. तिला त्यातून माणसांचे पाय दिसतात, तेही मी उचलून घेतलं तर. दिवसभर मी बेकरीत असतो. तू मला शिव्या घालत जी खिडकी बांधलीस, तिच्याविषयी मी तिला रोज सांगतो.

तुला ज्या रीतीनं अडवलं ती मी चार वर्षांपूर्वीच पाळून बसलो होतो. तू पहिल्या दिवशीच बांधू शकला असतास. हे मला तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं. तरी मी खिडकीची उंची लिहीत बसलो. तुझ्या जानेवारीतल्या पत्राला मी चार वेळा उत्तर लिहिलं, चारही भट्टीत टाकली.

घर घे. तिथे नजातला आण. अम्माला एवढ्यात काही सांगू नकोस. कसं सांगायचं ते मी शोधतो आहे.

तुझा भाऊ

*

कफ्र मरजान, २० एप्रिल १९९५

बदवीभाई,

सलाम, आणि रिहाबवहिनीला सलाम. एवढं शहाण्यासारखं लिहिलं, आता खरं सांगतो.

तुझं पत्र मी पोस्टाच्या दारात वाचलं. तिथून घरी कसा आलो आठवत नाही. तुझा मजला मिळाला याचा आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. डोक्यात एकच गोष्ट. मी ऑक्टोबरपासून सळ्यांखाली बसून रडतोय, हाज मुतवल्लीच्या काठीखाली उभा राहतोय, हाताचे फोड फोडतोय, आणि तू लग्न करून बसलायस. अम्मा ओट्यावर मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होती. तिच्याशी न बोलता वर गेलो. कोपऱ्यात विटा उरल्या होत्या, अर्धं पोतं सिमेंट होतं. मी तुझी खिडकी बुजवायला घेतली. वाकड्यातिकड्या विटा, ओळंबा न लावता. गजांपर्यंत पूर्ण बुजवली. हनफीनं पाहिलं असतं तर अर्धे इंजिनीअरसुद्धा म्हणाला नसता.

अम्मा जिना चढून आली. गुडघे दुखतात म्हणून ती वर येत नाही, त्या दिवशी आली. विटांकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं.

"पत्र आलं?"

"नाही."

"त्यानं सांगितलं एकदाचं?"

मी थापी घमेल्यात टाकली. ती म्हणाली, "विटा काढ."

"का काढू?"

"मूल बघेल कशातून?"

भाई, तिला तुझ्या पहिल्या पत्रापासून माहीत होतं. मी तिला खिडकीचं वाक्य दोनदा वाचून दाखवलं, गजांचं दोनदा वाचून दाखवलं, आणि मला वाटलं म्हातारीला कमी ऐकू येतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? "त्यानं सांगितलं असतं तर बोलले असते. आई झाले म्हणून काय त्याच्या तोंडून शब्द ओढून काढू?" मग त्या सगळ्या मुली? मास्तरांची, तेलवाल्यांची? "एकेक पुढे करत होते. कधीतरी नाही म्हणून म्हणून थकेल आणि खरं बोलेल. पण तुमचा बापही असाच होता. पाय मोडला तेव्हा आठवडाभर म्हणत होता चप्पल चावते."

"आणि माझं काय?" मी ओरडलो. "त्याच्या तोंडातून शब्द निघेपर्यंत मी कुजत होतो, त्याचं काय?"

ती म्हणाली, "तू ओरडत होतास. जो ओरडतो त्याची मला काळजी नसते."

याला उत्तर सुचलं की ओरडूनच सांगीन.

सिमेंट ओलं होतं, विटा निघाल्या. शेवटची निघाली तेव्हा अम्मा तिथेच जमिनीवर पाय पसरून बसली आणि रस्ता बघायला लागली. गाढवं, शाळेतून येणारी पोरं, ऊस भरलेला ट्रक. "बसल्या जागी सगळं दिसतं," म्हणाली. "बापानं एवढं घर बांधलं, पण बसून बाहेर बघायची सोय केली नाही." रिहाबवहिनी सहा वर्षांनी मोठी आहे हे तिला मी भीतभीत सांगितलं. म्हणाली, "बरं झालं. घरात एकाला तरी अक्कल असेल."

संध्याकाळी काळी ओढणी घेऊन तीच हाज मुतवल्लीकडे गेली. मी मागून. म्हणाली, "थोरल्याचं लग्न झालंय, लेक आहे. क्रम पाळला गेलाय. पहिला मजला त्यानंच याला लिहून दिलाय, वरचा त्याचा. आता तुझी सबब सांग." म्हाताऱ्यानं दाढी खाजवली. मग म्हणाला, "थोरल्याचं लग्न झालं आणि गावाला सरबत नाही?" याला होकार म्हणायचं असतं हे मला अम्मानं घरी आल्यावर सांगितलं. निकाह बकरी ईदेच्या तिसऱ्या दिवशी आहे. औषधवाल्याला निरोप गेला.

नजात काल आईबरोबर घर बघायला आली. स्वयंपाकघर आवडलं. कमान पाहून म्हणाली, "दार का नाही?" मी म्हटलं, भावाला विचार. मग खिडकीशी वाकली, वाकलेलीच राहिली. तिची आई म्हणाली, केवढी खाली आहे ही, शोभत नाही. नजात मला हळूच म्हणाली, "असू दे. तुझी वाट बघताना उभं राहायला नको."

हे सगळं चांगलं झालं, तरी माझा राग गेलेला नाही, हे तुला कळायला हवं. मला माझं घर बांधायचं होतं. माझ्या नकाशात खिडकी गिरणीच्या बाजूला होती, तिच्या हातचं कपाट होतं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय आणि राहणार आहे तुझ्या घरात. ज्या भिंतींना मी शिव्या घातल्या त्याच भिंतींत. तुझ्या न्हाणीघरात आंघोळ करणार, तुझ्या कमानीखालून जाणार. कपाटाला जागा उरलेली नाही, मी दोनदा मोजलं.

वर तुझ्या सळ्या उभ्या आहेत. अम्मानं तोवर त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घातलेत. तू ये. तुझा मजला तूच बांध, तुझ्या हातानं, आणि मी खाली बसून पत्रं लिहीत जाईन की भाई, ती भिंत तोड, हे दार हलव. हनफीला मी आत्ताच सांगून ठेवलंय.

अम्मा खिडकीपाशी बसली आहे. रोजच बसते, बदकंही तिच्यामागे जिना चढायला शिकली आहेत. ती म्हणते, हे शेवटी लिही. एवढं लांब पत्र पाठवलंस आणि मुलीचं नाव घातलं नाहीस. नाव काय ते कळव. आणि तिच्या आजीचं, म्हणजे अम्माचंच, ठेवलं असलंस तर बदल. या नावाच्या बाईला तिचं ऐकणारा मुलगा एकही मिळाला नाही, असं ती म्हणते.

शौकी